दिलंच समजा

मधुभाऊ नगराध्यक्षपदाची निवडणूक का हरले, याची आमच्या गावात आजवर अकरा कारणं सांगितली जातात. मी ती मोजली आहेत. गणित शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला दुसरं काही जमत नाही. अपक्ष असल्यामुळे त्यांना कढई हे चिन्ह मिळालं आणि कढईपुढचं बटण दाबायला पुरुष लाजले, हे पहिलं कारण. पलीकडच्यांनी शेवटच्या दिवशी पाकिटं वाटली हे चौथं, आपण वाटली नाहीत हे पाचवं, आणि आपण वाटली पण चुकीच्या घरांत गेली हे सहावं. अर्ज भरायच्या मिरवणुकीत घोडा मारुतीच्या देवळापुढे अडून बसला, याला आठवं स्थान आहे. ही कारणं चहाच्या टपरीवर मोठ्यानं सांगितली जातात. अकरावं तेवढं आवाज खाली आणून सांगतात. ते म्हणजे साळवे सर.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. गावात शोकसभा झाली नाही. झाली असती तर तिच्या फ्लेक्सवरचं शुद्धलेखन तपासायला सर नव्हते, एवढीच आयोजकांची सोय.

आमच्या हायस्कुलात ते मराठी शिकवायचे आणि मी गणित. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, आणि निवृत्त होईपर्यंत त्या कोणी हलवल्या नाहीत. ते मला नावानं हाक मारायचे नाहीत, 'गणितवाले' म्हणायचे. अंगानं किरकोळ, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशाला पेन कधीच नाही. एक शिसपेन्सिल असायची, दोन्ही टोकांनी तासलेली. एका तपासणी अधिकाऱ्यानं त्याबद्दल हटकलं, तेव्हा म्हणाले, "माणसाबद्दल लिहायचं असलं की पेन्सिल बरी साहेब. उद्या माणूस बदलला तर आपल्याला पण बदलता येतं." अधिकाऱ्यानं शेऱ्यात काय लिहिलं माहीत नाही, पण पेनानं लिहिलं असणार.

त्यांना एकच व्यसन होतं, क्रियापदाचं. कोणी बोलत असलं की ते मान किंचित तिरपी करून थांबायचे. वाक्य संपलं, की त्यात क्रियापद होतं का, कोणत्या काळाचं होतं आणि त्याचा कर्ता कुठे दडला होता, हे त्यांना आधी कळायचं, अर्थ नंतर. बसस्टँडसमोर वाढदिवसाचे फ्लेक्स लागले की ते खाली उभे राहून वाचत. कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी. "गणितवाले, एवढी विशेषणं अन् एक क्रियापद न्हाई. ह्या माणसानं केलं काय, तेच कळून न्हाई राह्यलं."

त्यांच्या निरोप समारंभात संस्थेचे सचिव पाऊण तास बोलले. संस्था आपण कशी काढली, इमारत आपण कशी बांधली, साळवे सरांना नोकरी आपण कशी दिली. शाल आणि नारळ हातात घेऊन सर माईकसमोर आले. "आत्ताच्या भाषणातला कर्ता सगळ्यांनी ओळखला असंल," ते म्हणाले, "मी नुसतं कर्म होतो." आणि खाली बसले. आमच्या संस्थेच्या इतिहासातलं हे सर्वांत लहान भाषण. सचिवांना ते कळायला घरी जावं लागलं.

मधुभाऊ याच शाळेतले. नववीत असताना त्यांनी चेंडू मारून वर्गाची काच फोडली होती. सरांनी विचारलं तेव्हा मधू उभा राहून म्हणाला, "सर, काच फुटली."

"काचेनं काय केलं?"

"फुटली."

"काचेचं कळलं. तू काय केलं?"

सर पुढचा धडा उघडून शिकवायला लागले. मधू उभाच. तास संपत आला तेव्हा तो हळूच म्हणाला, "सर, मी फोडली."

"बस खाली. काच काय, नवी बसंल."

शिक्षा वगैरे काही नाही. मधुभाऊ मोठे झाले, जालन्याच्या एमआयडीसीतून सळया वाहणारे टेंपो घेतले, गावात मान मिळवला, आणि नगराध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा प्रत्येक सभेत ही काचेची गोष्ट सांगू लागले. या गुरूनं मला खरं बोलायला शिकवलं, असं म्हणून ते समोर बसलेल्या सरांकडे हात करायचे आणि लोक टाळ्या वाजवायचे. पहिल्या सभेत सरांनी मान खाली घातली. चौथ्या सभेपर्यंत हात आपल्याकडे कधी वळतो, याची ते वाट बघत असावेत असं मला वाटलं. मी ते बोललो नाही.

निवडणुकीत सरांचा उपयोग वेगळाच होता. नोकरीत असताना मतदार यादीचं काम बरीच वर्षं त्यांच्या गळ्यात होतं. त्यामुळे गावातलं एकही घर त्यांना अनोळखी नव्हतं. कोणाची सून माहेरच्या यादीत राहिली आहे, कोण मेला तरी यादीत जिवंत आहे, कोण पुण्याला गेला पण मतदानाला येतो, हे त्यांना तोंडपाठ. ग्रामपंचायतीच्या काळापासून उमेदवार त्यांच्याकडे अंदाज विचारायला यायचे आणि तो अंदाज चुकलाच तर चार-दोन मतांनी चुकायचा.

त्यांची पद्धत अशी. उमेदवाराची फेरी ढोल वाजवत एखाद्या गल्लीतून गेली, की तासाभरानं सर एकटे त्याच गल्लीत जायचे. म्हशीचं विचारायचे, गुडघ्याचं विचारायचे, जाफराबादला दिलेल्या पोरीचं विचारायचे. मताचं विचारायचे नाहीत. उठताना घरधनी आपणहून काहीतरी बोलायचाच. तेवढं वाक्य ऐकून सर बाहेर येत आणि यादीत नावापुढे पेन्सिलीनं एक अक्षर लिहीत. व म्हणजे वर्तमान, भ म्हणजे भविष्य, भू म्हणजे भूत.

"'देऊ की' म्हणणारा अजून कुठंच गेला न्हाई, बसून राह्यला," ते मला सांगत. "'देऊन राह्यलो' म्हणणाऱ्याचं मत चालू हाय, ते बराबर पोचतं. नळाला पाणी न्हाई, आता कशाला आले, म्हणून भांडणारा हमखास देतो. त्याला अजून आशा हाय."

"आणि भूत?"

"'दिलंच समजा' म्हणणारा. जे झालं न्हाई ते झालं म्हणून सांगतो. त्यानं तुम्हाला पण मोकळं केलं अन् स्वतःला पण. ते मत बिलकुल यायचं न्हाई."

मी हसलो होतो. पण आकडे मी स्वतः पडताळले होते. दोन ग्रामपंचायती आणि एक सोसायटी, सरांच्या भू-वाल्यांनी कधी दगा दिला नव्हता. म्हणजे त्यांनी प्रत्येक वेळी उमेदवाराला दगा दिला होता.

या यादीचे दोन नियम होते. एक, कोणाच्या नावापुढे काय अक्षर आहे हे सर कोणाला दाखवत नसत. बेरीज तेवढी सांगत. दोन, स्वतः मत देऊन आले की दुपारी ओसरीवर बसून खोडरबरानं सगळी अक्षरं पुसून टाकत. लोक माझ्याशी बोलले, उमेदवाराशी नाही, असं त्यांचं म्हणणं.

मधुभाऊंसाठी ते का राबले, याचं कारण सांगायला हवं. गावात पूर्वी ग्रामपंचायतीचं एक वाचनालय होतं. एकच खोली, पण तीन भिंतींना कपाटं. नगरपंचायत झाली तेव्हा ती खोली पाणीपट्टी वसुलीला गेली आणि पुस्तकं बियाण्याच्या रिकाम्या पोत्यांत भरून गोदामात टाकली गेली. सरांनी प्रत्येक कारभाऱ्याकडे अर्ज केले. अर्जात क्रियापदं भरपूर होती. काही झालं नाही. मधुभाऊ पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर, मी आलो की पहिलं काम वाचनालयाचं करीन." सरांनी त्या दिवशी मला सांगितलं, "भविष्यकाळ हाय. पण बोलताना नजर खाली न्हाई गेली."

मतदानाला चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. सकाळची वेळ. मधुभाऊंच्या बैठकीत आम्ही पाच-सहा जण होतो. मध्ये मधुभाऊ, त्यांच्या उजव्या हाताला त्यांचे चुलते किसनतात्या, जे प्रचाराचे सूत्रधार होते, आणि डाव्या हाताला साळवे सर. ती डावीकडची खुर्ची महिनाभरापासून सरांची झाली होती. पूर्वी त्या घरात गेले की सर ओसरीवरच्या बाकावर बसायचे. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, पण बाकाला आणि सरांना ते ठाऊक होतं. त्यांची पिंपळगल्ली म्हणजे गावातली बौद्धांची वस्ती, आणि मधुभाऊंचं घर म्हणजे गावातलं जुनं जमीनदार घर. शिक्षक कॉलनीत सगळ्यांनी प्लॉट घेतले तेव्हाही सरांनी पिंपळगल्लीतच घर बांधलं होतं.

विषय गोपाळशेठचा होता. गोपाळशेठ म्हणजे खताचे दुकानदार आणि तिसरे उमेदवार. निवडून येणार नव्हते, पण बाजारपेठ त्यांच्या हातात होती. त्यांचा निरोप आला होता: उपाध्यक्षपद देतो म्हणा, मी आज संध्याकाळी जाहीर पाठिंबा देतो.

"खतवाल्याला खुर्ची द्यायची?" किसनतात्या म्हणाले. "मंग आपण निवडणूक कशाला लढून राह्यलो? त्यालाच हार घालू."

"तात्या, थांबा जरा," मधुभाऊ म्हणाले. "सरांना विचारू. सर, खरं सांगा. त्याची गरज हाय का?"

सरांनी यादी उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. पेन्सिलीचं टोक ओळींवरून सावकाश खाली जात होतं. मी दाराजवळ होतो आणि मला सरांचा चेहरा दिसत होता. हा चेहरा मी ओळखत होतो. नापास होणाऱ्या पोराच्या बापाला प्रगतिपुस्तक देताना तो तसा व्हायचा.

तेवढ्यात मधुभाऊ म्हणाले, "अन् हां, सर, ते सांगायचं राह्यलं. वाचनालयाला जागा बघून आलो काल. तहसीलच्या मागं. दोन मजली करू. उद्घाटन तुमच्या हातानं, नाव पण तुम्हीच ठेवा. झालंच समजा."

सरांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाच्याही वाक्यावर न थांबता पुढे जाताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते थांबले नाहीत. त्यांनी यादी मिटली, पेन्सिल खिशाला लावली आणि म्हणाले, "मंग तुम्ही पण आलेच समजा."

किसनतात्यांनी मांडीवर थाप मारली. गोपाळशेठला नकार गेला. सांगता सभेत सरांना फेटा बांधला. भगवा नाही, निळा नाही, गुलाबी होता; कढईला रंग नसल्यामुळे तो निवडला असावा. फेटेवाला बांधत असताना सर शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे होते. मान हलू नये म्हणून फेट्याकडे बघायला त्यांनी डोळेच वर केले.

मधुभाऊ शंभरीही न गाठणाऱ्या फरकानं पडले. गोपाळशेठनी त्याच्या कितीतरी पट मतं घेतली. मी मतमोजणीला मधुभाऊंचा प्रतिनिधी होतो, आणि प्रत्येक केंद्राचे आकडे एका कागदावर उतरवून घेतले होते. गणित सोपं होतं. आठवीच्या पोरानं सोडवलं असतं.

आठवड्यानं मंगल कार्यालयात चिंतन बैठक झाली. मागे मोठा फ्लेक्स, त्यावर हात जोडलेले मधुभाऊ, आणि शब्द: 'पराभवातूनही विजयाकडे'. क्रियापद नव्हतंच. बैठकीच्या सुरुवातीला जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्यांचा शाल देऊन सत्कार झाला. कशाबद्दल ते पाहुण्यांनाही कळलं नसावं, पण शाल त्यांनी ठेवून घेतली. मग किसनतात्या उठले. कढई, पाकिटं, घोडा, सगळं आलं. शेवटी ते थांबले आणि सावकाश म्हणाले, "खरं कारण एकच. मतं फुटली. कुठं फुटली ते सगळ्यांना ठावं हाय. तोंडानं बोलत न्हाई कोणी."

माना वळल्या. सर चौथ्या रांगेत बसले होते. ते उठले.

"तात्या, मतं आपोआप फुटत न्हाईत. फोडली म्हणा. अन् कोणी ते सांगा."

"सांगू? ऐकवंल का?" तात्या हसत म्हणाले. "पिंपळगल्लीनं. फेटे घातले आपले, अन् बटण दाबलं दुसऱ्याचं. तुम्हाला न्हाई म्हणत मी, सर. तुमच्या लोकांना म्हणून राह्यलो."

माझ्या खिशात कागद होता. त्या कागदावर पिंपळगल्लीच्या केंद्रावर मधुभाऊंना गावातली सर्वांत मोठी आघाडी होती. आणि मधुभाऊंच्या भावकीची मतं ज्या केंद्रावर होती, किसनतात्यांचं घर ज्या केंद्रात होतं, तिथे मधुभाऊ तिसऱ्या क्रमांकावर होते. घरातल्यांना मधुभाऊंचं मोठं होणं मानवलं नव्हतं. पलीकडच्याचं मोठं होणं त्यामानानं सोसण्यासारखं होतं. कागद काढून उभं राहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी तो काढला नाही. माझा जावई मधुभाऊंकडे कामाला आहे. पराभवाच्या कारणांत बारावं घालायचं झालं तर हे घालायला माझी हरकत नाही.

सर थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. मधुभाऊ मंचावर होते. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले आणि पुन्हा झाकण ठेवलं.

त्यानंतर कोणी काही जाहीर केलं नाही. आमच्या गावात असलं काही जाहीर करत नाहीत. कापसाचे दिवस होते. पूर्वेकडचं बरंचसं शिवार मधुभाऊंच्या भावकीचं, आणि तिथे वेचणीला वर्षानुवर्षं पिंपळगल्लीतल्या बायकांची टोळी जायची. कौसाबाई नावाची म्हातारी तिची मुकादम. त्या वर्षी कौसाबाई विचारायला गेली तेव्हा तिला सांगितलं गेलं, "यंदा बाहेरून टोळी आणून राह्यलो, मावशे." पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच, शब्दही तेच. चौथ्या घरी ती गेली नाही. पंधरा-वीस घरांची हिवाळ्याची कमाई त्या एका वाक्यात गेली.

दोन दिवसांनी सर माझ्या दारात आले. "गणितवाले, चला जरा मधूकडं. साक्षीदार पाहिजे."

मधुभाऊंनी वाकून सरांच्या पायाला हात लावला. चहा मागवला. डावीकडची खुर्ची रिकामी होती, पण सर तिच्यावर बसले नाहीत, उभे राहिले.

"मधू," ते म्हणाले. प्रचारभर ते त्यांना मधुभाऊ आणि तुम्ही म्हणत होते. आज एकेरीवर आले. "त्या दिवशी यादीत तू पडून राह्यला होतास. मला दिसत होतं. गोपाळशेठची गरज होती. मी खोटं बोललो. वाचनालयाचं ऐकून माझी अक्कल गेली. तुला गल्लीनं पाडलं न्हाई. मी पाडलं."

मधुभाऊंनी सरांचे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. त्यात नाटक नव्हतं, हेच वाईट.

"सर, लई मोठं मन तुमचं. आपल्या लोकांचं पाप स्वतःवर घेऊन राह्यले."

"पाप न्हाई घेऊन राह्यलो रे. माझी चूक सांगून राह्यलो."

"कळतंय मला."

"तुला न्हाई कळून राह्यलं. कौसाबाईला कामावर घ्यायला सांग. तिचा काय संबंध? जे झालं ते माझ्या नावावर लिही."

"तुमच्या नावावर कसं लिहू सर?" मधुभाऊंनी हात सोडले. आवाज अजून मऊच होता. "एका मास्तरच्या एका शब्दावर निवडणूक हरलो, असं सांगू लोकांना? हसतील मला. अन् तात्याला काय सांगू? आमची भावकी हाय, तिच्यात राहायचं हाय मला. तुम्ही एकटे काय करणार सर, तुम्ही तर मनापासून केलं. तुमच्या लोकांनी ऐकलं न्हाई, त्याला तुम्ही काय करणार?"

चहा आला. सरांनी घेतला नाही. मी घेतला.

परतताना मारुतीच्या देवळापाशी मी म्हणालो, "सर, यादी दाखवू या त्यांना. भावकीतल्या नावांपुढे काय लिहिलंय ते बघू दे."

"यादीत काय राह्यलं? मतदानाच्या दुपारीच पुसली." ते चालत होते. "अन् नसती पुसली तरी दाखवली नसती. लोक माझ्याशी बोललेत."

"मग माझ्याकडे कागद आहे. केंद्रांच्या आकड्यांचा. पिंपळगल्लीची आघाडी त्यात स्पष्ट दिसते."

सर थांबले. "कवापासून हाय?"

"निकालाच्या दिवसापासून."

"बैठकीत होता?"

"खिशात होता."

मला वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. स्टाफरूममध्ये इतकी वर्षं त्यांचे टोमणे ऐकले होते, एखादा माझ्या वाट्यालाही येईल. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी कागद काढून त्यावर ठेवला. त्यांनी तो उलगडून शांतपणे वाचला, आकड्यांवर बोट फिरवलं, घडी घातली आणि परत दिला.

"त्या दिवशी निघाला असता तर कागद होता," ते म्हणाले. "आता काढला तर साळवेनं लिहून घेतला म्हणतील. ठेवा."

त्यानंतर ते मला भेटले की बोलायचे, पण हवापाण्याचं. टपरीवर कोणी अकरावं कारण सुरू केलं आणि तेवढ्यात सर आले, की लोक गप्प व्हायचे. सर मुद्दाम थांबून म्हणायचे, "चालू द्या. नाव तेवढं बराबर घ्या. गल्लीचं न्हाई, माझं घ्या." लोक म्हणायचे, "छे छे सर, तुमचं कोण नाव घेतं." आणि खरंच घेत नसत. सर पुढे गेले की पुन्हा गल्लीचंच निघायचं. अकरावं कारण साळवे सर असलं तरी त्यात सर कुठेच नव्हते.

मी त्यांना नीट पाहिलं ते शेवटचं टेंभुर्णीच्या रस्त्यावर.

एका लग्नाला निघालो होतो. सकाळचे दहा वाजले असतील. टेंभुर्णीच्या अलीकडे रस्त्याला लागून कापसाचं शेत होतं आणि त्यात बायकांची टोळी वेचत होती. पिंपळगल्लीतल्या दोघीतिघी ओळखू आल्या म्हणून मी मोटरसायकल बाजूला घेतली. बांधावर कौसाबाईची सून पाणी पीत बसली होती.

"इकडं कुठं गं एवढ्या लांब?"

"सरांनी लावून दिलं ना. इथला मालक त्यांचा विद्यार्थी हाय. जीप भरून येतो रोज." तिनं तांब्या खाली ठेवला. "ते काय, सर पण आलेत. आज आत्याबाईला ताप हाय, एक माणूस कमी पडलं, तर येऊन बसले जीपीत. म्हणलं, सर, तुम्हाला न्हाई जमणार. ऐकतात का?"

तिनं बोट केलं तिकडे मी बघितलं. सर एका ओळीत वाकले होते. कमरेला उपरणं बांधून त्याची झोळी केली होती. बोंड धरायचे, ओढायचे, कापसाबरोबर वाळलेलं पानही यायचं, मग पान वेगळं करत बसायचे. पाच बोटांनी करायचं काम ते दोन बोटांनी करत होते.

"येचतात कसे?"

"कसले येचतात. अर्धा कापूस झाडालाच राहतो. त्यांची ओळ आम्ही मागून पुन्हा येचतो. त्यांना कळू देत न्हाई." ती हसली. "आमचं कामच वाढवून राह्यलेत."

"मग येऊ कशाला देता?"

"येऊ न देऊन कसं भागंल? म्हणतात, तुमचं काम माझ्यामुळं गेलं. आम्ही म्हणलं, तुमच्यामुळं कशानं, ज्यांनी घालवलं त्यांच्यामुळं गेलं. तर राग येतो त्यांना. दिवसभर बोलत न्हाईत मंग."

तिनं पदर खोचला आणि उठली. सरांच्या मागच्या झाडांपाशी जाऊन, त्यांच्यापासून आठ-दहा पावलांवर, तिनं भराभर हात चालवायला सुरुवात केली. सरांनी मागे वळून बघितलं नाही. मीही हाक मारली नाही. काय म्हणून मारणार होतो.

ऊन वर येत होतं. बाकीच्या बायका ओळीच्या टोकाला पोचून पुढच्या ओळीत वळल्या होत्या. सर अर्ध्यावरही आले नव्हते. त्यांनी कमरेवर हात ठेवून एकदा पाठ सरळ केली, पुढे किती उरलंय ते बघितलं आणि पुन्हा वाकले.